क्रॉस-कंपायलर आपल्या फाइली कुठे शोधतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक्स८६-६४ यंत्रावर (होस्टवर) बसून ६४-बिट आर्म बोर्डासाठी (टार्गेटसाठी) सॉफ्टवेअर बांधणारी जीसीसी या क्रॉस-कंपायलरची तयार टूलचेन, म्हणजे कंपायलर, असेंब्लर आणि लिंकर यांचा संच, एका डिरेक्टरीतून दुसरीकडे हलवली. हलवताना ‘बिन’, ‘लिब’ आणि ‘लिबएक्झेक’ घेतल्या. ‘एआर्च६४-लिनक्स-जीएनयू’ या नावाची जी चौथी डिरेक्टरी होती, तिच्या आत पुन्हा ‘बिन’ आणि ‘लिब’ दिसल्यामुळे ती दुबार प्रत समजून मागेच ठेवली. नवी ‘बिन’ डिरेक्टरी ‘पाथ’मध्ये, म्हणजे शेल जिथे प्रोग्राम शोधतो त्या यादीत, घातली. आता कंपायलर सुरू होतो, पण ‘एसटीडीआयओ.एच’ ही हेडर फाइल सापडत नाही असे सांगतो. होस्ट यंत्राची ‘/यूएसआर/इन्क्लूड’ आणि तिच्यातल्या काही उपडिरेक्टऱ्या कॅपिटल ‘-आय’ने (हेडरची जागा सांगणाऱ्या पर्यायाने) दिल्यावर ती तक्रार थांबते, तर असेंब्लर ‘-ईएल’ हा पर्याय ओळखत नाही. आणि आधीच्या बांधणीतल्या ‘.ओ’ फाइली नुसत्या जोडायला घेतल्या, तर लिंकर ‘सीआरटी१.ओ’ (प्रोग्रामच्या सुरुवातीचा कोड असलेली फाइल) नाही म्हणून थांबतो. ‘पाथ’ बरोबर असताना हे का घडते?

तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे मागे राहिलेली ती चौथी डिरेक्टरी. ती परत आणली की तिन्ही तक्रारी एकदम मिटतील. पण एवढ्यावर थांबणे बरे नाही, कारण मधल्या काळात होस्टच्या हेडर फाइली देऊन जो उपाय केला गेला तो मूळ अडचणीपेक्षा अधिक धोक्याचा आहे, आणि तो का धोक्याचा आहे हे शोधाची रीत समजल्याशिवाय पटत नाही.

‘जीसीसी’ या नावाने आपण जे चालवतो तो खरा कंपायलर नसून ड्रायव्हर आहे. तो ‘सीसी१’ला सी भाषेचे असेंब्लीत रूपांतर करायला लावतो, ‘एएस’ला त्या असेंब्लीची ‘.ओ’ फाइल करायला लावतो, आणि शेवटी ‘कलेक्ट२’मार्फत ‘एलडी’ला सर्व काही जोडायला लावतो. ‘पाथ’चे काम शेलला हा ड्रायव्हर सापडला की जवळजवळ संपते. त्यापुढे ड्रायव्हर स्वतःची यादी वापरतो, ‘सीसी१’ हेडरसाठी स्वतःची वेगळी यादी वापरतो, आणि ‘एलडी’ लायब्रऱ्यांसाठी तिसरी. या याद्या एकमेकींशी जुळलेल्या असतात त्या टूलचेन बांधणाऱ्याने तशी मांडणी केलेली असते म्हणून. त्यांना एकत्र धरून ठेवणारी कोणतीही एक जागा नसते.

ड्रायव्हरची यादी कशी तयार होते ते आधी पाहू. जीसीसी बांधताना ‘प्रीफिक्स’ म्हणून जी डिरेक्टरी दिली जाते ती त्याच्या आत कोरली जाते. परंतु चालताना ड्रायव्हर आधी आपण स्वतः कुठे आहोत हे पाहतो, मूळ ‘बिन’पासून मूळ ‘लिबएक्झेक’पर्यंतचा जो सापेक्ष मार्ग होता तो आपल्या सध्याच्या जागेला लावतो, आणि त्यावरून बाकीच्या जागा ठरवतो. म्हणूनच पूर्ण झाड एकत्र हलवले तर टूलचेन बिनतक्रार चालते. त्यातला एखादा तुकडा हलवला तर मात्र चालत नाही. ड्रायव्हरची नुसती फाइल दुसऱ्या ‘बिन’मध्ये कॉपी केली, तर त्याला ‘सीसी१’सुद्धा सापडणार नाही, कारण तो नव्या जागेच्या शेजारी ‘लिबएक्झेक’ शोधेल. सिम्बॉलिक लिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, केली तर अडचण येत नाही. जीसीसी लिंकचा माग काढून खऱ्या फाइलच्या जागेवरून हिशेब करतो. जिथे ड्रायव्हर दुसऱ्या ठिकाणाहून हाकारायचा असेल तिथे कॉपी न करता लिंकच करावी.

या हिशेबातून निघणाऱ्या जागा तीन प्रकारच्या आहेत. ‘सीसी१’ आणि ‘कलेक्ट२’ हे जीसीसीचे स्वतःचे प्रोग्राम ‘लिबएक्झेक/जीसीसी’च्या खाली टार्गेटचे नाव (येथे ‘एआर्च६४-लिनक्स-जीएनयू’) आणि त्याखाली आवृत्ती अशा डिरेक्टरीत असतात. ‘लिबजीसीसी.ए’, ‘सीआरटीबिगिन.ओ’, ‘सीआरटीएंड.ओ’ आणि ‘एसटीडीडीईएफ.एच’सारखी कंपायलरची स्वतःची हेडर ‘लिब/जीसीसी’च्या खाली त्याच क्रमाने असतात. ‘एएस’ आणि ‘एलडी’ मात्र बिनयुटिल्सचे, म्हणजे वेगळ्या प्रकल्पाचे प्रोग्राम. ते ड्रायव्हर प्रीफिक्सच्या खाली टार्गेटच्या नावाच्या डिरेक्टरीत, तिच्या आतल्या ‘बिन’मध्ये शोधतो, आणि तिथे त्यांची नावे कोणत्याही उपसर्गाशिवाय, नुसती ‘एएस’ आणि ‘एलडी’ अशी असतात. बाहेरच्या ‘बिन’मध्ये टार्गेटच्या नावाचा उपसर्ग लावलेले जे ‘एएस’ आणि ‘एलडी’ दिसतात ते माणसांनी आणि बिल्ड सिस्टिमने थेट हाक मारण्यासाठी आहेत. तेव्हा ती चौथी डिरेक्टरी दुबार दिसली तरी दुबार नव्हती.

आता ‘-ईएल’ची तक्रार आपोआप उलगडते. ड्रायव्हरने ‘एएस’ आपल्या यादीत शोधला आणि तो सापडला नाही. तेव्हा त्याने नुसते ‘एएस’ हे नाव कार्यप्रणालीकडे चालवायला दिले. ती ‘पाथ’ पाहते, आणि तिला होस्टचा एक्स८६चा असेंब्लर मिळतो. त्याला लिटल-एंडियन (संख्येतला कमी किमतीचा बाइट आधी) सांगणारा आर्मचा ‘-ईएल’ पर्याय कुठून माहीत असणार? हा संदेश दिसला की पर्यायांच्या मागे न लागता आधी कोणता असेंब्लर चालला ते पाहावे. ड्रायव्हरला ‘-प्रिंट-प्रोग-नेम=एएस’ असे विचारले की तो पूर्ण मार्ग छापतो, आणि नुसते ‘एएस’ एवढेच छापले तर त्याच्या यादीत तो नाही असे समजावे. ‘कलेक्ट२’ लिंकरच्या बाबतीत थोडा अधिक जपून वागतो: क्रॉस बांधणीत आपल्या डिरेक्टऱ्यांत ‘एलडी’ न मिळाल्यास तो ‘पाथ’मध्ये टार्गेटचा उपसर्ग लावलेले नाव शोधतो. म्हणूनच या प्रकरणात असेंब्लर चुकीचा मिळाला, पण लिंकर बरोबर मिळाला आणि तो ‘सीआरटी१.ओ’पर्यंत पोहोचू शकला.

‘सीआरटी१.ओ’, ‘सीआरटीआय.ओ’ आणि ‘सीआरटीएन.ओ’ या फाइली कंपायलरच्या नसून सी लायब्ररीच्या, म्हणजे येथे जीलिबसीच्या आहेत, आणि त्या सिसरूटमध्ये राहतात. सिसरूट म्हणजे टार्गेट यंत्राच्या फाइल-रचनेची होस्टवर ठेवलेली, बांधणीपुरती प्रतिकृती. तिच्यात ‘यूएसआर/इन्क्लूड’ आणि ‘यूएसआर/लिब’ असते. टूलचेन बांधून देणारे क्रॉसटूल-एनजी ती टार्गेटच्या नावाच्या डिरेक्टरीत ‘सिसरूट’ या नावाने ठेवते, आर्मच्या तयार टूलचेनमध्ये त्याच ठिकाणी ‘लिबसी’ हे नाव आढळते. दोन्ही ठिकाणी ती त्या चौथ्या डिरेक्टरीच्या पोटातच आहे. ‘-प्रिंट-सिसरूट’ ड्रायव्हरला विचारून पाहावे. सिसरूट प्रीफिक्सच्या आत असेल तर तोही झाडाबरोबर सरकतो. जीसीसी बांधताना तो प्रीफिक्सच्या बाहेर दिला असेल तर मात्र तो मार्ग कोरलेला राहतो आणि प्रत्येक वेळी ‘--सिसरूट’ देऊनच काम भागवावे लागते.

लिंक करताना लागणाऱ्या अशा फाइलींसाठी सर्वांत उपयोगी प्रश्न म्हणजे ‘-प्रिंट-फाइल-नेम=सीआरटी१.ओ’. फाइल सापडली तर पूर्ण मार्ग येतो. सापडली नाही तर कोणतीही चूक न दाखवता ड्रायव्हर तेच नाव जसेच्या तसे परत छापतो. अनेक स्क्रिप्ट येथे फसतात, कारण त्यांना रिकामे उत्तर किंवा चुकीचा कोड अपेक्षित असतो. म्हणून उत्तरात तिरपी रेघ आहे की नाही हेच तपासावे.

हेडरच्या शोधाकडे वळतो, कारण खरा धोका तिथे आहे. ‘सीसी१’ आधी कॅपिटल ‘-आय’ने दिलेल्या डिरेक्टऱ्या पाहतो, मग ‘-आयसिस्टिम’ने दिलेल्या, मग स्वतःच्या ‘लिब/जीसीसी’खालच्या हेडरची डिरेक्टरी, आणि नंतर टार्गेटच्या नावाच्या डिरेक्टरीतली ‘इन्क्लूड’ आणि सिसरूटमधली ‘यूएसआर/इन्क्लूड’. रिकाम्या फाइलवर ‘-ई’ आणि ‘-व्ही’ एकत्र देऊन चालवल्यास ही यादी क्रमाने छापली जाते, आणि ज्या डिरेक्टऱ्या अस्तित्वातच नाहीत म्हणून गाळल्या त्यांचीही नावे वर येतात. शोध फसला की त्या गाळलेल्या नावांकडेच प्रथम पाहावे. सिसरूटचा अपेक्षित मार्ग तिथे दिसला तर निदान झाले.

लायब्ररीच्या बाबतीत चूक झाली तर लिंकर आपल्याला वाचवतो. प्रत्येक ‘.ओ’ आणि ‘.एसओ’ (शेअर्ड लायब्ररी) फाइलच्या सुरुवातीलाच ती कोणत्या प्रोसेसरची आहे हे लिहिलेले असते, आणि चुकीची लायब्ररी समोर आली तर ‘एलडी’ ती जुळत नसल्याचे सांगून वगळतो व पुढच्या डिरेक्टरीत पाहतो. हेडर फाइलवर असा कोणताही शिक्का नसतो. ती साधा मजकूर आहे, आणि कंपायलर ती निमूटपणे वाचतो.

त्याचा परिणाम काय होतो याचे एक ठोस उदाहरण देतो. लिनक्समध्ये फाइल उघडताना ‘ओ_डिरेक्टरी’ आणि ‘ओ_डायरेक्ट’ हे दोन ध्वज वापरतात. पहिला सांगतो की ही डिरेक्टरी असेल तरच उघड. दुसरा सांगतो की कॅशे टाळून थेट वाच. एक्स८६वर ‘ओ_डिरेक्टरी’ची अष्टमान किंमत ०२००००० आहे आणि ‘ओ_डायरेक्ट’ची ०४००००. ६४-बिट आर्मवर या दोन किमती नेमक्या उलट आहेत. म्हणजे होस्टच्या हेडरवर बांधलेला प्रोग्राम बोर्डावर डिरेक्टरी उघडायला सांगतो तेव्हा कर्नलला थेट वाचनाची मागणी ऐकू येते. बांधणीत एकही इशारा येत नाही, लिंकही होते, आणि दोष कुठेतरी भलतीकडेच दिसतो. फाइलची माहिती ठेवणाऱ्या ‘स्टॅट’ या रचनेचेही तसेच: एक्स८६-६४वर ती १४४ बाइट्सची आहे, ६४-बिट आर्मवर १२८ बाइट्सची, आणि तिच्यातल्या घटकांचा क्रमही वेगळा. १४४ बाइट्सच्या हिशेबाने बांधलेला कोड १२८ बाइट्सची रचना वाचतो तेव्हा फाइलचे प्रकार आणि परवानग्या यांच्या जागी दुसरेच आकडे येतात. अशा दोषाच्या मागे लागलेला माणूस आपल्याच कोडमध्ये चूक शोधत राहतो, आणि ती तिथे नसते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: क्रॉस बांधणीत होस्टची ‘/यूएसआर/इन्क्लूड’ कोणत्याही कारणाने देऊ नये, तात्पुरतीसुद्धा नाही. बोर्डासाठी पूर्ण लिनक्स बांधून देणाऱ्या बिल्डरूटचे जीसीसीवरचे आवरण अशा मार्गाला असुरक्षित म्हणून नाकारते, आणि ते योग्यच करते. सिसरूटमधलाच एखादा मार्ग द्यायचा असेल तर ‘-आय’च्या लगेच पुढे बरोबरचे चिन्ह लिहून मग मार्ग द्यावा, जीसीसी त्या चिन्हाच्या जागी सिसरूट बसवतो. आणखी एक काळजी वातावरणातील चलांची (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सची). ‘सीपाथ’ आणि ‘सी_इन्क्लूड_पाथ’ ही चले क्रॉस-कंपायलरही वाचतो, तर ‘लायब्ररी_पाथ’ तो दुर्लक्षितो. ते फक्त नेटिव्ह, म्हणजे स्वतः चालतो त्याच प्रकारच्या यंत्रासाठी कोड काढणाऱ्या, कंपायलरसाठी आहे. कधीकाळी होस्टवरच्या कामासाठी शेलच्या प्रोफाइलमध्ये लिहून ठेवलेले ‘सीपाथ’ क्रॉस बांधणीत होस्टचे हेडर घुसवू शकते, आणि कमांडवर त्याचा मागमूसही दिसत नाही. ‘जीसीसी_एक्झेक_प्रीफिक्स’ हे चल तर हाताने कधीच ठेवू नये, कारण ड्रायव्हरचा स्वतःच्या जागेवरून केलेला सगळा हिशेब ते बाजूला सारते.

लिंकरच्या यादीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे जीलिबसीची ‘लिबसी.एसओ’ ही लायब्ररी नसून काही ओळींची मजकूर-फाइल आहे. ती लिंकरला सांगते की खरी लायब्ररी ‘/लिब/लिबसी.एसओ.६’ येथे आहे आणि तिच्याबरोबर ‘लिबसी_नॉनशेअर्ड.ए’ घ्यायची आहे. हे मार्ग मुळापासून लिहिलेले असतात, तरी क्रॉस बांधणीत ते बरोबर लागतात, कारण ‘एलडी’चा नियम असा आहे की अशी स्क्रिप्ट सिसरूटच्या आत सापडली तर तिच्यातल्या मुळापासूनच्या मार्गांना सिसरूट जोडायचा. स्क्रिप्ट सिसरूटच्या बाहेर सापडली तर मात्र ते मार्ग होस्टचे मानले जातात. लायब्ररीची जागा सांगणाऱ्या कॅपिटल ‘-एल’ने सिसरूटबाहेरची डिरेक्टरी देऊन तिथे ‘लिबसी.एसओ’ची प्रत ठेवणारी माणसे याच नियमात अडकतात. ज्यांनी चालू बोर्डावरून पूर्ण फाइल-रचना उतरवून सिसरूट केला, त्यांना याचाच दुसरा प्रकार भेटतो: तिच्यातल्या काही सिम्बॉलिक लिंक ‘/लिब’पासून सुरू होतात, आणि सिम्बॉलिक लिंक उलगडणे हे कर्नलचे काम असल्याने तिथे सिसरूटचा काही उपयोग होत नाही; लिंक होस्टच्या ‘/लिब’मध्ये जाऊन पोहोचते किंवा तुटलेली राहते. अशा सर्व लिंक सापेक्ष करून घ्याव्यात.

एखादी ‘.एसओ’ स्वतः दुसऱ्या ‘.एसओ’वर अवलंबून असेल तर ती दुसरी फाइल ‘एलडी’ कॅपिटल ‘-एल’च्या यादीत शोधत नाही. तिच्यासाठी ‘-आरपाथ-लिंक’ आहे. लिंकरच्या इशाऱ्यात त्याचेच नाव येते, तरी लोक ‘-आरपाथ’ देतात आणि होस्टवरचा मार्ग बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये कायमचा कोरून ठेवतात. ‘-आरपाथ-लिंक’ फक्त बांधणीपुरते असते.

मल्टिलिब असलेल्या टूलचेनमध्ये, विशेषतः आर्मच्या छोट्या नियंत्रकांसाठीच्या, एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या वेगवेगळ्या उपडिरेक्टऱ्यांत असतात आणि प्रोसेसर व फ्लोटिंग-पॉइंटच्या पर्यायांवरून ड्रायव्हर त्यांतली एक निवडतो. कंपाइल करताना दिलेले पर्याय लिंक करतानाही द्यावेत एवढेच येथे सांगतो. ते विसरले तर मूळ डिरेक्टरीतली आवृत्ती निवडली जाते आणि फ्लोट रजिस्टरच्या वापराबद्दल लिंकर तक्रार करतो.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा मार्ग वेगळा आहे. त्याची एकच बायनरी अनेक टार्गेटसाठी कोड काढते, म्हणून ‘--टार्गेट’ आणि ‘--सिसरूट’ या दोन गोष्टी बाहेरून सांगाव्या लागतात. स्वतःची हेडर तो ‘लिब/क्लँग’खाली आवृत्तीच्या डिरेक्टरीत, आपल्या बायनरीच्या जागेवरून हिशेब करून शोधतो, ‘-प्रिंट-रिसोर्स-डिर’ ती जागा सांगतो. परंतु लिनक्ससाठी ‘सीआरटीबिगिन.ओ’ आणि ‘लिबजीसीसी’ त्याला बहुधा जीसीसीकडूनच घ्यायचे असतात, म्हणून तो सिसरूटमध्ये आणि इतर ठरलेल्या ठिकाणी जीसीसीची स्थापना शोधतो आणि अनेक असल्यास सर्वांत वरची आवृत्ती उचलतो. ती अर्धवट स्थापना असेल, म्हणजे तिच्यात सी++ची हेडर नसतील, तर साधी सी++ फाइलही बांधली जात नाही आणि कारण पटकन लक्षात येत नाही. ‘-व्ही’ दिल्यावर क्लँग कोणती जीसीसी निवडली ते छापतो. क्लँग १६पासून ‘--जीसीसी-इन्स्टॉल-डिर’ने नेमकी डिरेक्टरी सांगता येते, आणि शक्य तिथे हाच पर्याय वापरावा असे मी सुचवेन.

बिल्ड सिस्टिमचा शोध हा या सर्वांवरचा आणखी एक थर आहे. लायब्ररीसाठी लागणारे पर्याय सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ दिल्याने होस्टची यादी जात नाही, ती फक्त लांबते. क्रॉस बांधणीत ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ द्यावे, कारण ते मूळ यादीच बदलते, आणि सोबत ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर’ द्यावे. सीमेक या बिल्ड सिस्टिममध्ये टूलचेन फाइलमध्ये ‘सीमेक_सिसरूट’ लिहून लायब्ररी, इन्क्लूड आणि पॅकेज यांच्या शोधाचा प्रकार ‘ओन्ली’ आणि प्रोग्रामच्या शोधाचा ‘नेव्हर’ ठेवावा, जेणेकरून बांधणीच्या वेळी चालवायचे प्रोग्राम होस्टचे आणि जोडायच्या गोष्टी सिसरूटच्याच येतील.

प्रस्तुत प्रकरणात आता करायचे ते असे. मूळ टूलचेनचे पूर्ण झाड पुन्हा एकदा, सर्व सिम्बॉलिक लिंक राखून, नव्या जागी न्यावे. मग ड्रायव्हरला सिसरूट, ‘एएस’ आणि ‘सीआरटी१.ओ’ यांच्या जागा विचाराव्यात. तिन्ही उत्तरे नव्या झाडाच्या आत असली पाहिजेत. त्यानंतर होस्टच्या हेडरचे सर्व ‘-आय’ काढावेत, आणि ते देऊन बांधलेली प्रत्येक ‘.ओ’ फाइल पुसून टाकावी. मेक फक्त फाइलींच्या वेळा पाहतो, पर्याय बदलल्याचे त्याला आपोआप कळत नाही, त्यामुळे एरवी त्या फाइली नव्या बांधणीतही तशाच राहतील. कॉन्फिगर स्क्रिप्टची ‘कॉन्फिग.कॅशे’ किंवा सीमेकची ‘सीमेककॅशे.टीएक्सटी’ असल्यास तीही काढावी, कारण त्या काळात झालेल्या तपासण्यांची उत्तरे, रचनांच्या आकारांसह, त्यात होस्टच्या हेडरवरून लिहिली गेलेली असण्याची दाट शक्यता आहे.